शंभर फुटांखाली फ्लॅशर काय करतोय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिएटलजवळ बॉथेलला राहता, सॅल्मन धरायला यंदा १७ फुटी जुनी बोट घेतलीत, एव्हरेटच्या रॅम्पवरून उतरून जुलैच्या मध्यापासून सहा शनिवार पझेशन बार या पाण्याखालच्या उंचवट्यावर घालवलेत. जीपीएसवर वेग न चुकता २.५ नॉट धरलात, आठ रंगांचे स्पून (धातूची चमच्यासारखी आमिषं) आणि हूची (रबरी झालरीची आमिषं) घेतलेत, गोळा (गळ खोल नेणारं, तारेला लटकवलेलं वजन) तळापर्यंत सोडलात, आणि एवढ्या खटाटोपात हाती लागल्या त्या तीन मुश्या. आता विचारताय, नववा रंग कोणता घेऊ? शिवाय जाता जाता एक ओळ: सप्टेंबरात बाबा येताहेत, त्यांना बोटीवर नेता येईल का?

बाबांचं शेवटी सांगते. नववा रंग मात्र घेऊ नका. आहेत त्या आठातले सहासुद्धा कपाटात ठेवून द्या.

प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे सिएटलजवळच्या या समुद्राच्या फाट्यात, सॅल्मन धरायचा माझा हा पंधरावा हंगाम. पहिल्या हंगामात माझीही हीच गत झाली होती, म्हणून हसत नाहीये. मी मुरुडची. आमच्याकडे ट्रॉलर म्हणजे जाळं ओढणारी बोट. इथे शेजारच्या निवृत्त आजोबांनी ‘ट्रोलिंगला येतेस का?’ विचारलं तेव्हा मी मनातल्या मनात जाळ्याची तयारी केली होती. ऐकायला एका मात्रेचा फरक, पण हे काम अगदीच वेगळं. जाळं नाही, तळ खरवडणं नाही. एक दोर, टोकाला एक गळ, आणि तो गळ हळू चालणाऱ्या बोटीमागून अशा चालीने न्यायचा की माशाला वाटावं, हा जखमी हेरिंग आहे. सगळं गणित त्या चालीचं आहे. तुम्ही रंगाचा विचार केलात, चालीचा नाही. तुमची खरी अडचण अशी की शंभर फुटांखाली तुमचा फ्लॅशर, म्हणजे आमिषाच्या पुढे बांधलेली चकचकीत पट्टी, काय करतोय हे तुम्हाला वर बसून कळत नाहीये.

आता तुमच्याच आकड्यावरून बघू. जीपीएस सांगतो तो जमिनीवरून मोजलेला वेग. माशाला आणि फ्लॅशरला जमिनीशी काही देणंघेणं नाही, त्यांना कळतो तो पाण्यातला वेग. समजा ओहोटीचा प्रवाह १.५ नॉट आहे. प्रवाहाविरुद्ध जाताना जीपीएसवर २.५ दिसत असेल तर पाण्यातून तुम्ही ४ नॉटने पळताय. फ्लॅशर भोवऱ्यासारखा गरगरतो, दोराला पीळ पडतो आणि गोळा मागे फेकला जाऊन वर येतो. बोट वळवून प्रवाहाबरोबर आलात आणि तोच २.५ धरलात, तर पाण्यातला वेग उरतो १ नॉट. फ्लॅशर फिरतच नाही, दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यासारखा लोंबकळतो. म्हणजे सहाही शनिवार जाताना फार वेगात आणि येताना जवळजवळ उभे, असं तुमचं चाललं होतं. त्या तीन मुश्या हाच पुरावा आहे. तळाशी संथ सरकणारं आमिष मुशीला फार आवडतं. मुशी लागायला लागल्या की मी आधी वेग बघते, मग जागा बदलते.

यावर उपाय फुकट आहे. गोळा खाली सोडण्याआधी फ्लॅशर बोटीच्या बाजूला, नजरेला दिसेल असा तीनचार फूट पाण्यात धरा आणि थ्रॉटल हळूहळू वाढवा. आधी तो नुसता डावी-उजवीकडे झोके घेईल. आणखी थोडा वेग दिला की एका क्षणी कलंडून पूर्ण गोल फिरेल, मग पुन्हा, मग पुन्हा, संथ आणि एकसारखा. मागची हूची त्या प्रत्येक फेरीला एक हिसका खाते. तो हिसका म्हणजेच जखमी मासा. ही चाल जमली की थ्रॉटलला हात लावू नका. आता गोळा खाली सोडा आणि डाउनरिगरच्या (गोळा खालीवर करणाऱ्या चरकीच्या) तारेकडे बघा. तार उभ्या रेषेपासून किती मागे झुकलीय? तो कोन हा तुमचा खरा वेगमापक. माझ्या बोटीवर, १२ पौंडी गोळ्याला, चिनूक जातीच्या सॅल्मनसाठी तो साधारण वीस ते तीस अंश असतो, कोहो जातीसाठी त्याहून जास्त. तुमची तार, गोळा, बोट वेगळी, त्यामुळे तुमचा आकडा वेगळा येईल. पण एकदा सापडला की प्रवाह कुठल्याही दिशेचा असो, तो कोन धरून चाला. जीपीएसवर ०.८ दिसो नाहीतर ३.८, तिकडे बघायचंच नाही.

दुसरी खूण रॉडच्या टोकाची. रॉड होल्डरमध्ये वाकून बसलेला असतो. फ्लॅशर नीट फिरत असेल तर टोक ठक्... ठक्... ठक्... असं लयीत हलतं. लय तुटली, टोक नुसतंच थरथरायला लागलं किंवा एकदम मुकं झालं, तर खाली काहीतरी बिघडलंय: शेवाळाची पट्टी अडकली, जेलीफिश गुंडाळला, किंवा वीतभर लांबीचा कोवळा सॅल्मन गळाला लागून ओढला जातोय आणि दोर तारेला धरून ठेवणारी क्लिप सोडवण्याइतका जोर त्याच्यात नाही. दर वीस मिनिटांनी गळ वर काढून बघाच. नवखी माणसं कंटाळा करतात ते इथे. तासभर गवत ओढत फिरतात, आणि मग म्हणतात मासाच नाही.

तारेच्या कोनाचा आणखी एक हिशेब आहे. काउंटरवर १०० फूट दिसले म्हणजे गोळा १०० फुटांवर आहे असं नाही. तार ४५ अंशांत मागे गेली असेल तर खरी खोली सत्तरच्या आसपास उरते. प्रवाहाविरुद्ध जाताना तुम्ही चिनूकच्या डोक्यावरून तीस फूट उंच चालला होतात, हे यावरून समजून घ्या.

आणि वळणं घ्या. सरळ रेषेत तासभर जाणारी बोट काही शिकवत नाही. वळताना आतल्या बाजूचा गळ मंदावतो आणि जरा खाली बसतो, बाहेरचा वेग घेतो आणि वर उचलला जातो. वळणावर आतल्या रॉडला मासा लागला तर समजा, त्याला सावकाश हवंय. बाहेरच्याला लागला तर वेग वाढवा. एका चकरीत दोन प्रयोग होतात. आजोबांनी मला शिकवलेल्या सगळ्यात मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

प्रवाहाच्या बाबतीत इथली बहुतेक मंडळी प्रवाहाबरोबरच गळ ओढतात, पट्टा संपला की सगळं वर घेऊन परत मागे धावतात आणि पुन्हा सुरू करतात. विरुद्ध जाऊन मासे मिळत नाहीत असं नाही, पण शिकताना हे सोपं. भरती-ओहोटी पालटतानाचा, पाणी जरा थबकतं तो तास-दीड तास चिनूकसाठी सोन्याचा. एक सावधगिरी मात्र हवी. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथे तेवढ्यावर भागत नाही. इथल्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, आणि चंद्र विषुववृत्तापासून किती उत्तरेला-दक्षिणेला आहे त्यावरही पाणी ठरतं. तिथी बघून निघू नका, त्या जागेचं प्रवाहाचं कोष्टक बघा, आणि शिकायला मंद प्रवाहाचे दिवस निवडा.

आता खोली. इथे तुमची दुसरी चूक आहे. जुलैत चिनूक खुला होतो तेव्हा तळ धरणं बरोबर होतं: पझेशन बारच्या कडेने ९० ते १३० फुटांची रेघ धरायची, गोळा तळाला अलगद टेकवायचा, मग पाचेक फूट उचलायचा, आणि तळ चढेल-उतरेल तसं हँडल फिरवत राहायचं. पण त्या भागातला चिनूकचा कोटा अलीकडे बऱ्याचदा काही दिवसांतच संपतो. त्यानंतर खुला असतो तो कोहो, आणि तुम्ही ऑगस्टभर त्याला तळाशी शोधत होतात. कोहो तिथे नसतो. तो वरच्या पाण्यातला, उघड्या मधल्या पट्ट्यातला मासा. पहाटे वीस-तीस फुटांवर, ऊन चढलं की पन्नास-ऐंशीवर. दोन प्रवाह घासून पाण्यावर जी फेसाची, काड्या-गवताची रेघ दिसते, तिच्या कडेला. त्याला वेग जास्त आवडतो, आणि गोळ्यापासून आमिष लांब ठेवलेलं आवडतं. चिनूकला मी क्लिपपासून पंधरा-वीस फूट मागे देते, कोहोला तीस-चाळीस.

तळ धरण्यातला धोकाही सांगून ठेवते, कारण तुमची बोट लहान आहे. तिसऱ्या हंगामात याच बारवर मी थर्मासमधून चहा ओतत होते. १०५ फुटांवरचा तळ कधी ८० वर आला ते खोली दाखवणाऱ्या सोनार यंत्रावर बघितलंच नाही. गोळा खडकात बसला. बोट प्रवाहाबरोबर पुढे, तार मागे ताठ, आणि मी क्लच नको इतका आवळून ठेवलेला. बघता बघता मागची बाजू दबली आणि ट्रान्समवरून (बोटीच्या मागच्या भिंतीवरून) बादलीभर पाणी पायावर आलं. पक्कड हाताशी होती म्हणून तार कापली. गोळा गेला, चहाही गेला. तेव्हापासून डाउनरिगरचा क्लच इतकाच घट्ट असतो की जोर आला तर तार आपोआप सुटावी, आणि तार कापायची पक्कड बोटीच्या मागच्या बाजूला दोरीने बांधलेली असते. खेकड्यांच्या सापळ्यांचे बोये दिसले की त्यांच्यापासून लांब वळा, तोच प्रकार तिथेही होतो.

सामानाबद्दल थोडंच सांगते. लीडरची, म्हणजे फ्लॅशर आणि आमिष यांच्यामधल्या दोराची, लांबी रंगापेक्षा दहापट महत्त्वाची. हूचीला स्वतःची चाल नसते, फ्लॅशरचा हिसका तिच्यापर्यंत पोचायला हवा, म्हणून लीडर आखूड: ३६ ते ४२ इंच. स्पून स्वतःच वळवळतो, त्याला मोकळीक द्या: पाच-सहा फूट. तुम्ही दोन्हींना सारखाच लीडर लावला असणार, नाही का? दुकानातून घेतल्यावर बहुतेकांचं तेच होतं. एक हिरवी-पांढरी हूची आणि एक लहान स्पून, एवढ्यावर अख्खा सप्टेंबर काढता येतो. हेरिंग कापून, खडेमिठात मुरवून लावायची कला सुरेख आहे, पण ती पुढच्या वर्षी. गळ एकेरी आणि बिनकाट्याचा, हा इथला नियम आहे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका आणि सुती फडक्यातून ओढून बघा. धागा अडकला तर काटा अजून शिल्लक आहे.

मासा लागतो तेव्हा काय होतं? क्लिप सुटते, वाकलेला रॉड एकदम सरळ होतो, दोर ढिला पडतो. नवख्याला वाटतं, गेला. गेलेला नसतो. रॉड उचला आणि वजन जाणवेपर्यंत भराभर गुंडाळा. कोहो बऱ्याचदा बोटीकडेच धावत येतो, पाण्याबाहेर उड्या मारतो. चिनूक डोकं हलवतो आणि खाली जातो. त्याला जाऊ द्या, ओढू नका. गळाला काटा नाही म्हटल्यावर दोर ढिला पडला की मासा सुटलाच. जाळी पाण्यात स्थिर धरून डोक्याकडून मासा तिच्यावर आणायचा. शेपटीमागून जाळीने झडप घातली तर मासा आणि जाळी दोन्ही वेगवेगळ्या दिशांना जातात. मी चांगला पंधरा पौंडी असाच घालवलाय, बघणारे चौघे होते.

जाळी घालण्याआधी मात्र ओळख पटली पाहिजे. तोंड उघडून खालच्या हिरड्या बघा. काळ्या म्हणजे चिनूक, म्हणूनच हिवाळ्यातल्या न वाढलेल्या चिनूकला इथे ‘ब्लॅकमाउथ’ म्हणतात. हिरड्या पांढरट असल्या तर कोहो. शेपटीच्या वरच्या-खालच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके असले तर चिनूक, फक्त वरच्या पाकळीवर असले तर कोहो. मग पाठीकडे बघा. शेपटीच्या थोडं आधी जो छोटा, मांसल पर असतो, तो नसेल आणि तिथे भरलेला व्रण असेल, तर मासा हॅचरीतला, म्हणजे पैदास केंद्रात वाढवून, खूण म्हणून तो पर कापून सोडलेला. तो पर शाबूत असेल तर बहुधा नदीत जन्मलेला, म्हणजे रानातला. प्युजेट साउंडचा चिनूक १९९९ पासून संकटग्रस्त म्हणून संरक्षित आहे, त्यामुळे रानातला चिनूक सोडावाच लागतो, काही भागांत कोहोही. आणि सोडायचा मासा बोटीत उचलून घेणं, फोटोपुरतं का होईना, बेकायदा आहे. बाजूला पाण्यातच गळ काढा. ठेवण्याजोगा असेल तर त्याची नोंद कॅच कार्डावर लगेच करायची, घरी जाऊन नाही.

हे नियम इतके बारीक का, असं तुम्ही प्रश्नात जरा वैतागून लिहिलंय. थोडक्यात: सॅल्मन जन्माच्या नदीत परततो, अंडी घालतो आणि मरतो. उन्हाळ्यात बारवर दिसतात ते स्काजिट, स्नोहोमिश, ग्रीन अशा नद्यांकडे निघालेले प्रवासी असतात, भरभरून वाहणाऱ्या आणि आटत आलेल्या अशा दोन्ही नद्यांचे, एकाच थव्यात मिसळलेले. न्यायालयाच्या १९७४ च्या बोल्ट निकालानंतर पकडीयोग्य माशांतला निम्मा वाटा अमेरिकी सरकारशी करार केलेल्या आदिवासी राष्ट्रांचा आहे, आणि दर वसंतात राज्य आणि ती राष्ट्रं मिळून हंगाम ठरवतात. कोटा संपला की हंगाम मध्येच बंद होतो. म्हणून आदल्या रात्री मत्स्यविभागाच्या संकेतस्थळावर आणीबाणीचे बदल बघितल्याशिवाय माझी बोट ट्रेलरवर चढत नाही. मित्राचं ‘खुलंय रे’ चालत नाही, माझंही नाही.

किती मासे मिळतील हे वर्षावर, पावसावर, समुद्रात त्यांना काय खायला मिळालं त्यावर अवलंबून असतं, ते मी सांगू शकत नाही. तुमची मोटर सर्वात कमी थ्रॉटलवरही फार पळत असेल, तर मागे कापडी ड्रोग (बोटीला मागे ओढून मंदावणारी पिशवी) सोडा किंवा किकर, म्हणजे लहान जादा मोटर, बसवा. आधी फ्लॅशरची परीक्षा करून बघा, कदाचित यातलं काहीच करावं लागणार नाही.

तर सप्टेंबरचा बेत असा. पहाटे उजाडायच्या आत एव्हरेट किंवा एडमंड्सहून निघा. बार सोडून मधल्या खोल पाण्यात या, फेरीबोटीच्या वाटेपासून आणि मोठ्या जहाजांच्या मार्गापासून दूर, रेडिओ चॅनेल १६ वर चालू. एक रॉड ३० फुटांवर, दुसरा ५० वर. फ्लॅशर बाजूला बघून वेग धरा, तारेचा कोन वहीत लिहा, प्रवाहाबरोबर चाला, नागमोडी. मासा लागला की खोली, वेळ आणि कोन लिहा, आणि दुसरा रॉडही त्याच खोलीला आणा. विषम वर्षी ऑगस्टात पिंक सॅल्मन येतो, तो नवख्यांवर फारच मेहेरबान असतो. सम वर्षी सगळी मदार कोहोवर. ऑर्का (किलर व्हेल) दिसले तर मात्र गळ आवरा: २०२५ पासून वॉशिंग्टनमध्ये इथल्या दक्षिणी रहिवासी ऑर्कांपासून हजार यार्ड लांब राहावं लागतं.

मासा बोटीत आला की लगेच कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि बर्फात घाला. आपल्याकडे रावसाला इंडियन सॅल्मन म्हणतात, म्हणून घरचे रावसाच्या हिशेबाने कालवण करायला जातील. दोघांचं दूरचंही नातं नाही. कोहोचं कालवण छान होतं, चिनूकला इतकी चरबी असते की नारळाच्या रसात तो जड पडतो. हळद, तिखट, मीठ, आणि तव्यावर. बस.

आता बाबा. नुसते बसणार असतील तर परवाना लागत नाही. रॉड हातात घेतला की लागतो, पाहुण्यांसाठी एका दिवसाचाही मिळतो. तो घ्याच, कारण रॉड वाकल्यावर कुठलेही बाबा नुसते बसत नाहीत. लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं, सीटखाली ठेवलेलं नको: इथलं पाणी ऐन उन्हाळ्यातही बारा-तेरा अंशांच्या आसपास असतं, त्यात पडलेल्या माणसाचे हात मिनिटांत काम करेनासे होतात. सकाळी धुकं असलं तर ते उठेपर्यंत धक्क्यावरच थांबा. आणि स्वेटर, कानटोपी, दोन पायमोजे. ते म्हणतील, सप्टेंबरात कसली थंडी. माझेही म्हणाले होते. सात वाजता माझी कानटोपी त्यांच्या डोक्यावर होती, वर माझीच शालही.